जिप्सीची थरथर, कुजलेला पत्रा आणि पंधरा वर्षांनंतरचं पासिंग

आमची मारुती जिप्सी मार्च 2008 ची. बाबांनी नवीन घेतली होती, कारण वेल्ह्याच्या पुढे आमचं थोडं रान आहे आणि पावसाळ्यात तिथपर्यंत दुसरी कुठलीच गाडी जायची नाही. तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, पुढे-मागे पाट्याच्या स्प्रिंगा, लोखंडी चासी आणि फोर बाय फोरचा वेगळा लिव्हर, बस. आता बाबा चालवत नाहीत, गाडी माझ्याकडे वारजेला असते. 2022-23 च्या हिवाळ्यात हिच्यामागे जे चार महिने गेले ते सगळं लिहून ठेवतोय, कारण मला तेव्हा कुणी एका जागी नीट सांगितलं नव्हतं.

सुरुवात झाली नसरापूर-वेल्हे रस्त्यावर. नोव्हेंबर 2022. मार्गासनीच्या अलीकडे डावं चाक खड्ड्यात आदळलं, स्पीड असेल पंचावन्न-साठ, आणि स्टिअरिंग असं काही हादरायला लागलं की दोन्ही हातांनी घट्ट धरूनही आवरेना, पूर्ण गाडी थरथरत होती, बायको शेजारी बसलेली ती एकदम गप्प झाली. ब्रेक मारत मारत वीसवर आलो तेव्हा कुठे थांबलं. उतरून बघितलं तर काहीच नाही, टायर ठीक, नट टाइट. पुन्हा निघालो तर पन्नासपर्यंत गाडी अगदी लोण्यासारखी. पुढचा खड्डा आला आणि परत तेच.

मग पुण्यात आल्यावर जे सगळे करतात तेच मीही केलं. आधी व्हील बॅलन्सिंग, फरक नाही. मग अलाइनमेंट, फरक नाही. एका गॅरेजमध्ये सांगितलं स्टिअरिंग डॅम्पर गेलाय, तो नवीन टाकला, आणि महिनाभर खरंच थरथर गेली म्हणून मी खूश. पण नंतर ती परत आली, आधीपेक्षा जास्त. आता कळतंय की डॅम्पर फक्त झटका दाबतो, ढिलं झालेलं काही घट्ट करत नाही, त्यामुळे दुखणं तसंच आत राहतं आणि वाढत जातं. पैसे गेल्याचं इतकं नाही वाटलं, पण त्या महिनाभरात मी मुलांना घेऊन दोनदा ताम्हिणीतून खाली उतरलो होतो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

शेवटी धायरीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, आयुष्यभर जीप आणि जिप्सीचंच काम केलेले, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडी चालवून बघितलीच नाही. पुढचा एक्सल जॅकवर उचलला, चाक वर आणि खाली धरून हलवलं, कट कट असा बारीक आवाज आला. मग मला म्हणाले, "दादा, आत बसा आणि ब्रेक दाबून ठेवा." परत हलवलं, आवाज तसाच. "ब्रेक दाबल्यावर आवाज गेला असता तर व्हील बेअरिंग. नाही गेला म्हणजे किंगपिन." दोन मिनिटांत निदान, आणि मी दीड महिना भटकत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिप्सीचा पुढचा एक्सल एका लोखंडी गोळ्यात संपतो, त्या गोळ्यावर चाकाचा नकल, म्हणजे चाक धरून वळणारा भाग, बसतो आणि वर एक खाली एक अशा किंगपिनवर, म्हणजे उभ्या खुंट्यांवर, फिरतो. दोन्ही किंगपिनना छोटं टेपर रोलर बेअरिंग असतं. हे बेअरिंग झिजलं की नकल ढिला होतो आणि खड्ड्याचा एक झटका पुरतो थरथर सुरू व्हायला. पाण्या-चिखलात चालणाऱ्या गाडीत ते झिजणारच, कारण गोळ्याच्या मागचं सील फाटलं की पाणी सरळ आत.

डाव्या बाजूचा नकल उघडला तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, तपकिरी रंगाचं काहीतरी होतं, नाचणीच्या आंबिलीसारखं, आणि बेअरिंगचे रोलर बोटाने फिरवले तर खडखडत होते, त्यांच्या बसायच्या वाटीत एकेका रोलरची रेघ उमटलेली दिसत होती, नख लावलं की अडकायचं. मिस्त्रींनी विचारलं, "समुद्रात घातली होती का?" घातली होती. डिसेंबर 2021 ला दिवेआगरला, लाटेच्या पाण्यातून, फोटोसाठी. घरी आल्यावर वरून धुतली होती, खालून नाही. आणि नुसतं बाहेरचं पाणी नाही. चालून चालून एक्सल गरम झालेला असतो, तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेते. यासाठी एक्सलवर ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायला छोटं तोंड, असतो, आमचा चिखलाने गच्च बंद होता, म्हणजे पाणी सीलमधून आत. डिफरन्शिअलचं, म्हणजे एक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. ऑइल असं दिसलं की पाणी मिसळलंय हे नक्की समजायचं, नवीन ऑइल भरून चार दिवस चालवायची, परत काढायचं, परत भरायचं. एकदा भरून निघत नाही.

बेअरिंगसाठी नाना पेठेत गेलो. जिप्सी बंद होऊन काही वर्षं झालीत, पण लष्कराच्या गाड्यांमुळे पार्ट अजून बऱ्यापैकी मिळतात, फक्त डुप्लिकेट फार. पहिल्या दुकानात बॉक्स ओरिजिनल आणि आतलं बेअरिंग भलतंच. मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं की जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो तो वाचून न्या आणि बेअरिंगच्या दुकानात जा, गाडीच्या पार्टच्या दुकानात नाही. तसंच केलं, चार बेअरिंग, दोन सील किट, दोन आतली ऑइल सील, मजुरी धरून सगळं साडेनऊ हजारात झालं.

बसवतानाचं काम मात्र बघण्यासारखं होतं. किंगपिनच्या खाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शिम असतात. एक काढली की बेअरिंगवर दाब वाढतो, एक घातली की कमी होतो. दाब बरोबर आहे की नाही हे बघायला मिस्त्रींनी रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा काढला, सील न लावता नकलच्या टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकात हुक अडकवला आणि हळूहळू ओढला. नकल हलायला लागतो तेव्हा काटा एक ते पावणेदोन किलोच्या मध्ये पाहिजे. आमचा पहिल्यांदा अर्ध्या किलोलाच हलला. एक शिम काढली, सव्वा किलो. दुसऱ्या बाजूला तीनदा उघडून परत बसवलं. एवढं कुणी करत नाही हो, बहुतेक ठिकाणी नवीन बेअरिंग ठोकतात, बोल्ट आवळतात आणि गाडी देतात, आणि मग सहा महिन्यांत गिऱ्हाईक परत.

हे चालू असतानाच गाडी खालून नीट बघितली गेली आणि खरा धक्का तिथे बसला. 2016 ला एका ठिकाणी अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं, काळं डांबरासारखं. ते आधीच्या गंजावरच मारलेलं होतं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर तळव्याएवढा पापुद्रा सुटून हातात आला आणि त्याच्या आत ओला गंज, पावसाळा संपून दोन महिने झाले होते तरी ओला! कोटिंगने पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत कोंडून ठेवलं होतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर तिथला पत्रा कुजून दोन ठिकाणी रस्ता दिसत होता. चासी सुदैवाने वाचली होती, फक्त मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी, म्हणजे पाटा चासीला जोडतो तिथे, वरचा थर गेलेला. चासीच्या पोकळ भागाला खाली पाणी निघून जायला भोकं असतात, ती सगळी लाल मातीने बुजलेली. तारेने मोकळी केली आणि पाण्याचा पाइप आत घातला, जवळजवळ अर्धी घमेली माती निघाली, मी मोजली नाही पण बघत उभा होतो आणि वाईट वाटत होतं.

डेंटिंगवाल्याने फ्लोअरचा कुजलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड केला. त्याआधी बॅटरीची वायर काढायची, इंजिनच्या कंप्युटरचं सॉकेट काढायचं, जवळपास काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवायची. हे तिथे उभं राहून करून घ्या, सोडून जाऊ नका. नंतर घासून, रेड ऑक्साइड, वरून रंग, आणि पोकळ जागांमध्ये मेणाचा स्प्रे. काळं कोटिंग परत मारलं नाही. मॅटिंगही कायमचं काढलं, आता रबरी मॅट आहेत, उचलून वाळवता येतात.

मार्च 2023 ला पंधरा वर्षं भरत होती, म्हणजे पासिंग करून आरसी (रजिस्ट्रेशन) रिन्यू करायची होती. आरसीची मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म 25 भरता येतो, तो ऑनलाइन भरला. खाजगी मोटारीची रिन्यूअल फी 2022 पासून पाच हजार झाली होती, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे, जुनी चलनं आधीच भरून टाकलेली बरी. पुढचा लोखंडी बुलबार मी स्वतःच काढला होता, 2017 पासून त्यावर बंदी आहे.

पासिंगच्या दिवशी मला सगळ्यात भीती चासी नंबरची होती. तो प्लेटवरचा नाही, चासीच्या लोखंडात कोरलेला बघतात, आणि गंज किंवा रंगाखाली गेला तर मोठी भानगड होते. आदल्या रविवारी रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून तासभर घासला, एकेक आकडा वर आला, वाचता आल्यावर त्याच्यावर पातळ ग्रीसचा हात फिरवला. तपासणीला आलेल्या साहेबांनी कागद ठेवून पेन्सिल घासली, प्रिंट स्वच्छ उमटला. लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, रिफ्लेक्टर बघितले, खाली वाकून बघितलं. पाच वर्षं मिळाली, 2028 पर्यंत. घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी पहिलं काय विचारलं, "ट्रान्सफर केसचं ऑइल बदललंस का तू?" ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारा गिअरचा डबा.

नव्हतं बदललं. त्यात एक लिटरही बसत नाही पण सगळं फोर बाय फोर त्याच्यावर चालतं. दुसऱ्याच दिवशी बदललं.

तेव्हापासून महिन्यातून एकदा रानात कच्च्या वाटेवर फोर बाय फोर टाकून एक-दोन किलोमीटर चालवतो. गाडी नुसती उभी राहिली की सीलं कडक होतात, लिव्हर अडकतो. डांबरी रस्त्यावर कधीच टाकत नाही, हिला पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधलं डिफरन्शिअल नाही, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात आणि सगळा ताण गिअरवर येतो. चारही टायर एकाच साइजचे, एकाच वेळी घेतलेले, टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचून, 1419 म्हणजे 2019 च्या चौदाव्या आठवड्यातला, असला जुना स्टॉक परत दिला. समुद्रात पुन्हा घातली नाही. ताम्हिणीतून आलो की आधी खालून धुवायची, वरून नंतर.

मागच्या वर्षी पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून टाकीपासूनचे रबरी पाइप बघितले, हात लावला की भेगा दिसायच्या. वय तर झालंच होतं, शिवाय आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, ते जुन्या रबराला चालत नाही आणि हवेतलं पाणीही धरतं, म्हणून सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकले आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही, आतून गंजू नये म्हणून.

परवा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर पुढच्या डिफरन्शिअलचा प्लग खोलून बोट घालून बघितलं. ऑइल स्वच्छ, मधासारखं. पुढच्या ब्रीदरला लांब पाइप जोडून तो बॉनेटमध्ये वरपर्यंत नेलाय. मागच्याचा तसा करायचा राहिलाय, त्याच्या मापाचं निपल अजून मिळालेलं नाही, बुधवारी जुन्या बाजारात बघणार आहे.