मींड, पण गिटारवर

सतारीची मींड ऐकलेल्या कानाला गिटारचा बेंड परका वाटत नाही. तार दाबून आडवी सरकवली की ताण वाढतो, स्वर चढतो. युक्ती तीच. फक्त सतारिये एका पडद्यावरून चार-पाच स्वर खेचतात आणि गिटारवर एक स्वर नेमका गाठतानाच घाम फुटतो. नागपूरच्या मे महिन्यात तो तसाही फुटलेलाच असतो म्हणा.

सुरुवात (सगळ्यात बारीक तारेपासून मोजून) तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या पडद्यावर करावी. तिथे डी हा स्वर आहे. गाठायचा आहे ई, म्हणजे नवव्या फ्रेटवरचा स्वर. डीला सा धरलं तर हा शुद्ध रे. आधी नववा फ्रेट वाजवा, ई गुणगुणा, मगच सातव्यावर या. हे टाळणारे कोमल रेच्या जरा पुढे जाऊन थांबतात आणि विचारतात, "काहून बेसूर लागते?"

अनामिका सातव्यावर, मधलं बोट सहाव्यावर, तर्जनी पाचव्यावर. तिघांनी मिळून एकच तार वर ढकलायची. अंगठा मानेच्या वरच्या कडेवर अडकवा, तर्जनीचं मूळ खालच्या कडेला टेकवा आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवा. जोर मनगटाचा, एकट्या बोटाने ढकललं तर टोक सोलतं आणि तार मधेच निसटते. तर्जनीचं टोक चौथ्या तारेला हलकं लागलेलं असू द्या, नाहीतर परतताना ती केकाटते. वर ढकलायचं की खाली ओढायचं, हा वाद फुकटचा. अमेरिकी ब्लूज गिटारवादक, डावखुरे आल्बर्ट किंग गिटार उलटी धरत, त्यामुळे त्यांच्या पातळ तारा खालीच ओढल्या जात.

तारांचे नंबर म्हणजे त्यांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत; सेटचं नाव पहिल्या, सगळ्यात बारीक तारेवरून. इलेक्ट्रिकच्या ९ नंबरच्या सेटमध्ये तिसरी तार १६ची, साधी असते. अकूस्टिकच्या १२च्या सेटमध्ये तीच २४ची आणि वेटोळ्यांची. तिच्यावर हट्ट करू नये. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरही नको; नटजवळ (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) तार फार चिवट लागते, बाराव्याशी सगळ्यात मऊ.

उन्हाळ्यात अजून एक भानगड. कूलरच्या खोलीतून गिटार तापलेल्या गच्चीवर नेली की तारा सैलावून उतरतात, आणि दोष बेंडला जातो. आधी सूर लावा. बेंड सोडल्यावर तार 'टिक' करून भलत्याच स्वरावर परतत असेल, तर नटच्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

सोडायचंही हळूहळू, संक्रांतीच्या पतंगाला ढील द्यावी तसं, ई ते डी सगळा उतार ऐकू येईल असं.