दम धरायचा नाही

गुरुवार रात्र. देवबाग, मामाचं घर.

मार्गशीर्षातला गुरुवार. त्यामुळे समुद्राच्या काठावर बसूनही पानात काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. मी कुडाळहून दुकान बंद ठेवून चार दिवस कशाला आलेय, हे मामीला तिसऱ्यांदा सांगितलं. तिने हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे पैशे दिवन श्वास घेऊक शिकतलंस?"

दुपारच्या वर्गात सरांनी तासभर जे सांगितलं ते एवढंच होतं.

मालवणात स्कूबा, म्हणजे टाकीतल्या हवेवर पाण्याखाली उतरणं, म्हटलं की किल्ल्याजवळची होडी. पाठीमागून कोणीतरी धरतं, खाली नेतं, माशांबरोबर व्हिडिओ काढतं आणि परत वर आणून सोडतं. मी दोनदा जाऊन आलेय. दोन्ही वेळा मजा आली आणि दोन्ही वेळा आपण पार्सल आहोत असं वाटलं. जॅकेटची हवा दुसऱ्याच्या हातात, किती खोल जायचं ते दुसऱ्याच्या मनात. यंदा ठरवलं, रीतसर शिकायचं. आधी वर्ग आणि पोहण्याचा तलाव, मग समुद्रात चार डाइव्ह. पास झालं की पाण्यात सोबत उतरणाऱ्या जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

वर्गात आम्ही चौघं. दोन पुण्याचे मुलगे, मी, आणि इथलाच एक पोरगा जो तीन हंगाम होडीवर सिलिंडर उचलतोय. तो का आलाय विचारलं तर म्हणाला, "अनुभव आसा ताई, कागद नाय." तोच माझा जोडीदार.

पुण्याचा एकजण सारखा 'ऑक्सिजनची टाकी' म्हणत होता. माझ्यातली फार्मासिस्ट अस्वस्थ. करोनात त्या शब्दासाठी लोकांनी माझ्या दुकानाचं शटर रात्री दोनला वाजवलंय. शेवटी सरांनीच सांगितलं: टाकीत आपली रोजचीच हवा, २०० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर तोच विषासारखा काम करू शकतो.

शुक्रवार

सकाळी पोहण्याची परीक्षा. न थांबता २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, मग १० मिनिटं नुसतं तरंगायचं. पुण्याचे मुलगे हातपाय मारून दमले. मी पाठीवर पडून झावळ्या मोजत बसले. आजोळच्या जांभ्या दगडाच्या विहिरीत शिकलेलं पोहणं ते. मामा कमरेला दोर बांधून सोडायचा. दोर सुटला त्या वर्षापासून आमचा खेळ एकच: वरून चार आण्याचं नाणं टाकायचं आणि ते तळातून काढून आणायचं. जो जास्त वेळ खाली तो राजा. मी मुलग्यांनाही हरवायचे. दम धरण्यात माझा हात कोणी धरला नाही.

त्याचाच आज वांधा झाला.

दुपारी फळ्यावर सरांनी एक फुगा काढला. पाण्याच्या वर जेवढा, तेवढा १० मीटरवर राहत नाही, निम्मा होतो. २० मीटरवर एक तृतीयांश, ३० वर एक चतुर्थांश. मग त्यांनी तोच फुगा उलटा वर आणला. समजा १० मीटरवर तुम्ही टाकीतून छाती भरून हवा घेतली आणि तोंड मिटून वर निघालात. वर पोचेपर्यंत ती हवा दुप्पट व्हायला बघणार. छाती काही दुप्पट होत नाही. भरल्या छातीने दम धरला असेल तर अगदी सव्वा मीटर वर येणंही फुप्फुसाला इजा करायला पुरतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही.

मी विचारलं, मग आमचा मामा? तो शिनाणे, म्हणजे खडकावरचे शिंपले, काढायला बुडी मारायचा, दीडदोन मिनिटं दम धरून, त्याला कधी काही झालं नाही ते? सरांना प्रश्न आवडला असावा, कारण खडू घेऊन परत उठले. मामा हवा वरूनच नेतो. खाली ती दबते, वर येताना परत होती तेवढी होते. जास्तीची कुठून येणार? आपण मात्र खालच्या दाबाची हवा खालीच छातीत भरतो.

इतकं साधं. आणि चाळीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणाला गरजच नव्हती.

कानाचंही आजच झालं. खाली जाताना दर थोड्या अंतराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान दुखायची वाट न बघता. नाही उघडला तर थोडं वर येऊन पुन्हा. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, आणि नाकात थेंब घालून उतरणं तर त्याहून वाईट, कारण औषधाचा असर खालीच उतरला तर वर येताना हवा अडकते. हे ऐकताना मी वहीत मान घातली. आठवड्याला किती बाटल्या विकते मी त्या थेंबांच्या! पर्यटकांना तर हमखास.

शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीला खोटं सांगून काय मिळणार?

पाठीवर सिलिंडर, कमरेला वजनाचा पट्टा, अंगात बीसीडी, म्हणजे हवा भरता-सोडता येणारं ते जॅकेट. पाण्याबाहेर मी अक्षरशः भरलेली बैलगाडी. पाण्यात उतरल्यावर वजन गेलं आणि पहिला श्वास आला. खरखर आवाज करत. तो आवाज मला आवडला. जुन्या रेडिओसारखा.

रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं नळीचं टोक, तोंडातून काढून परत शोधायचा, हे जमलं. उजवा खांदा खाली, हात मागून पुढे फिरवायचा, नळी कोपरावर येते. तोंड मोकळं असेल तेवढा वेळ बारीक 'आ' म्हणत राहायचं, म्हणजे बुडबुडे सुटत राहतात. तिथे सरांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. बुडबुडे नव्हते. मी दम धरला होता. मला कळलंसुद्धा नव्हतं. पुन्हा. पुन्हा तेच. हात काम करत असले की माझी छाती आपोआप विहिरीत जाते.

मग मास्क, डोळे आणि नाक झाकणारा काचेचा. थोडं पाणी आत घ्यायचं, वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर, नाकाने फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. सांगायला एवढंच. मी पाणी आत घेतलं आणि नाकाने फुंकायच्या ऐवजी ओढलं. घशात, डोक्यात, मेंदूच्या मागे कुठेतरी क्लोरीन. पाय जमिनीला लागत होते, पाणी खांद्याएवढं, तरी मी अशी उसळले की जोडीदाराच्या कपाळाला माझी टाकी लागली. खोकत उभी. पुण्याचे मुलगे सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

सर माझ्या पुतण्याच्या वयाचे. रागावले नाहीत, पण सोडलंही नाही. "मॅडम, हेच खाली १२ मीटरवर झालं असतं तर?" मला फळ्यावरचा फुगा दिसला.

दुपारभर तेच. मास्क न लावता गुडघ्यांवर बसून फक्त तोंडाने श्वास, एक मिनिट. नाकाला सांगायचं की तुझी आज सुट्टी. जोडीदार समोर बसून बोटांनी मोजत होता आणि मधूनमधून हात छातीकडून पुढे नेऊन दाखवत होता, सोड, सोड. सातव्यांदा मास्क रिकामा झाला. मी आनंदाने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो, तर्जनी-अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. झालं, सगळे वर आले. इतक्या कष्टांनंतर ठेंगा दाखवला मी सगळ्यांना.

रविवार

आज खोल बाजूला. तळाला न टेकता, पृष्ठभागावर न येता मधेच राहायचं. छाती भरली की बोटभर वर, सोडली की बोटभर खाली. हात मारायचे नाहीत. पहिल्या दोन वेळा थेट पाण्याच्या वर आले, तिसऱ्यांदा तळाला बसले. चौथ्यांदा काही वेळ राहिले. किती ते मोजलं नाही. सर माझ्या बुडबुड्यांकडे बघत होते आणि ते येत होते.

लेखी परीक्षा झाली. ७५ टक्क्यांना पास, माझे दोन चुकले, दोन्ही खोल पाण्यात शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनच्या हिशेबातले. जोडीदाराचा एकही चुकला नाही. त्याचा कागद आता लांब नाही.

उद्या सकाळी सातला होडी.

संध्याकाळी मामीने बांगडे तळले, तिरफळाचं सार केलं. मामाने विचारलं, "गो बाय, दम किती धरतंस आता?" त्याच्याशी बोलताना उजवीकडे बसावं लागतं, डावा कान गेली कित्येक वर्षं बंद आहे. त्याला कारण विचारलं की म्हणतो, वय.

म्हटलं, मामा, दम धरायचाच नाही.

तो घास हातात घेऊन थांबला. "मगे ता कसला पोवणा!"

मग मी त्याला फुगा सांगितला, फळ्याऐवजी ताटात मीठ पसरून त्यावर बोटाने काढून. कानाचंही सांगितलं, नाक धरून हलकेच फुंकायचं ते. शिनाण्यांसाठी बुडी मारताना असं कधी करायचास का? म्हणाला, कान दुखायचे, पण मग दुखायचे राहायचे. एवढंच.

हात धुऊन तो पडवीत जाऊन बसला. मी भांडी आत नेताना पाहिलं तर नाक चिमटीत धरून, गाल फुगवून बसलेला. माझी चाहूल लागली तशी सोडलं.

"उजवो वाजलो," म्हणाला. "डावो काय बोलूक नाय."