मेममूव्हच्या मागे एक दुपार

जळगावात आज पंखाही गरम हवाच फेकतोय. मित्राच्या केळी पिकवायच्या खोलीसाठी तापमान नोंदवणारा बोर्ड करतोय. बोर्डाच्या जुनाट कंपायलरमध्ये मेममूव्हच नाही, म्हणजे मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारं सी भाषेतलं फंक्शन! १९८९ पासून सी स्टँडर्डमध्ये आहे म्हणे. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा सोर्स कोड उघडला, तर प्रोसेसरगणिक वेगळ्या असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या) फायली. डोकंच फिरलं. शेवटी मसल या दुसऱ्या, छोट्या सी लायब्ररीत सापडलं: साधं सी, मोकळेपणाने वापरू देणारं एमआयटी लायसन्स. डेस्टिनेशन (जिथे कॉपी करायचं ती जागा) मेमरीत सोर्सच्या (जिथून करायचं त्या जागेच्या) आधी असेल तर सुरुवातीकडून कॉपी, नंतर असेल तर शेवटाकडून. नाहीतर जिथे दोन्ही एकमेकांवर येतात, तिथले बाइट वाचण्याआधीच पुसले जातात. तशी दोन वेगळ्या ॲरेंच्या पॉइंटरची, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांची, लहानमोठी तुलना स्टँडर्डला मान्य नाही, पण आमच्या बोर्डावर चालली. तेवढ्यात आई: "जेवाले चाल ना रे, शेवभाजी थंडी व्हई गयी!"