तुम्ही विचारलंत म्हणून: मोरिनीच का?

पेट्रोल पंपावर, खाडीपार नेणाऱ्या जंगलजेटीच्या फेरीबोटीवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही भेटले की लोक मला एकच विचारतात. एवढी जुनी इटालियन मोटारसायकल, सुटे भाग इथं मिळत नाहीत, गॅरेजवाले हात लावायला तयार नाहीत, मग ठेवलीय कशाला? नवी बुलेट का घेत नाही? यात असं आहे तरी काय? तेवढ्यात बोट धक्क्याला लागते किंवा जेवणाची पंगत बसते आणि माझं उत्तर अर्ध्यावर राहतं. आज नीट सांगते.

गाडी मोतो मोरिनी कंपनीची, ‘साडेतीन स्पोर्ट’, १९७५ चं मॉडेल. माझे मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. जेनोआ बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं असताना त्यांनी ती तिथल्या एका माणसाकडून वापरलेली घेतली आणि १९७९ साली रीतसर ड्युटी भरून मुंबईत उतरवली. पुढं ती रत्नागिरीजवळ पावसला आली आणि इथलीच झाली. मामा सुट्टीवर आले की पडवीत गोणपाट अंथरून गाडी उघडायचे. पाने पुढं करायला मी असायचे. मामा गेल्यावर मामीनं किल्ली माझ्याकडे दिली. घरात त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

मोरिनी म्हटलं की आता लोकांना शोरूममधल्या नव्या गाड्या आठवतात. नाव तेच, पण ती कंपनी २०१८ पासून चिनी समूहाकडे आहे. माझी गाडी इटलीतल्या बोलोन्यात बनलेली. आल्फोन्सो मोरिनी यांनी १९३७ मध्ये तिथं हा कारखाना काढला. कारखाना लहान, पण १९६३ च्या २५० सीसी जागतिक स्पर्धेत तार्क्विनिओ प्रोविनी याच कारखान्याच्या एका सिलिंडरच्या गाडीवर होता, आणि होंडावरच्या जिम रेडमनकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. पुढं पंधरा जागतिक विजेतेपदं मिळवणारा जाकोमो आगोस्तिनी, त्यानं सुरुवात केली तीही मोरिनीवरच.

आता मूळ प्रश्न. मला ही गाडी आवडते, कारण ती आमच्या रस्त्याच्या मापाची आहे.

किनाऱ्याचा रस्ता ज्यांनी चालवलाय त्यांना कळेल. इथं सरळ असं काही नसतंच. सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, मग उतार, खाली खाडी, पूल, लगेच चढ, पुन्हा सडा. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या सड्यावर या, तिथून पावस, पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीकडे उतरा, पलीकडे गावखडीचं सुरूचं बन, मग कशेळी, आडिवरे, जैतापूर. वळणं एकामागून एक येत राहतात, आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं. एक उघडं, पुढचं आंब्याच्या बागेच्या गडग्यामागं लपलेलं, तिसरं मध्येच आणखी आवळत जाणारं. अशा रस्त्यावर शंभर-दीडशे हॉर्सपॉवरची गाडी नेली तर तिची नव्वद टक्के ताकद पेटीत बंद राहते. थ्रॉटल जरा उघडलं की पुढचं वळण अंगावर येतं, लगेच ब्रेक. माझ्या भाच्याची नवी सुपरबाइक मी या रस्त्यानं नेलीय. गाडी उत्तम, पण सगळा वेळ तिला धरून ठेवण्यात गेला.

मोरिनीला धरून ठेवावं लागत नाही. वजन सुमारे दीडशे किलो, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत, आणि गिअर सहा. त्या काळात आपल्याकडे राजदूत तीन गिअरची, बुलेट आणि येझदी चार गिअरच्या. सहा गिअर आपण १९८३ साली राजदूत ३५० वर पाहिले. सहा गिअर असले की प्रत्येक वळणासाठी नेमका हवा तो गिअर सापडतो. पूर्णगडच्या उताराला तिसरा, पुलावर चौथा-पाचवा, गावखडीच्या चढाला पुन्हा तिसरा. इंजिन चार हजार आरपीएमच्या वर खुलतं आणि तिथून पुढं सरळ ओढत नेतं. वळणाआधी ब्रेक, एक गिअर खाली, नजर वळणाच्या शेवटावर, आणि मग थ्रॉटल थोडं थोडं उघडत राहायचं. गाडी कलते, मागचं चाक रस्ता पकडून ठेवतं, आणि तुम्ही बाहेर पडता तेव्हा पुढच्या वळणासाठी गिअर आधीच लागलेला असतो. हे सगळं साठच्या वेगात होतं. कुणाला घाबरवावं लागत नाही, गावातून जाताना हळू व्हायला जड जात नाही. साठच्या वेगात गाडीची सगळी ताकद आणि माझं सगळं लक्ष कामाला लागलेलं असतं. हा आनंद मला दुसऱ्या कुठल्याही गाडीवर मिळालेला नाही.

हे आपोआप जुळलेलं नाही. बोलोन्याच्या उत्तरेला सपाट मैदान आहे, पण दक्षिणेला लगेच आपेनाइन डोंगर सुरू होतात, आणि फ्लोरेन्सकडे जाणारा जुना रस्ता फूटा घाट चढून जातो. ज्या माणसांच्या दारातच घाट, त्यांनी घाटाचीच गाडी बनवली. तिला सह्याद्री परका वाटायचं कारण नाही. आंबा घाटात तर ती अशी चढते की मधल्या गिअरमध्ये इंजिनचा सूर एकदा लागला की साखरप्यापासून वरपर्यंत तो मोडायला नको वाटतो.

इंजिनबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण लोक टाकी आणि रंग बघतात, पण खरी बुद्धी आत आहे. हे इंजिन फ्रांको लांबेर्तिनी या इंजिनिअरनं आखलं. तो फेरारीतून मोरिनीत आला होता. गाडी मिलानच्या प्रदर्शनात १९७१ ला दाखवली आणि १९७३ पासून बाजारात आली. दोन सिलिंडर, एकमेकांशी ७२ अंशांचा कोन. डुकाटीवाले ९० अंश ठेवतात, त्यानं कंपनं कमी होतात, पण इंजिन लांब होतं. ७२ मध्ये थोडी कंपनं सोसून इंजिन आटोपशीर झालं आणि गाडी आखूड ठेवता आली. सिलिंडर ६२ मिलिमीटर व्यासाचा आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५७, त्यामुळं इंजिन फिरायला चपळ. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट दोन्ही सिलिंडरच्या मध्ये एकच, आणि तो फिरतो दातेरी रबरी टायमिंग बेल्टवर. चेनचा खडखडाट नाही, तेलाची गरज नाही. मोटारसायकलवर हे त्या काळात फारच नवं होतं.

पण मामांनी मला पहिल्यांदा हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून दाखवलं तेव्हा मी पाहत राहिले ते वेगळंच. इतर इंजिनांत हेडला आतून खोलगट वाटी असते, पेट्रोल तिथं पेटतं. या हेडचा तळ सपाट आहे, पोळपाटासारखा. व्हॉल्व्ह दोन, सरळ उभे. आणि वाटी आहे पिस्टनच्या माथ्यावर. पिस्टन हातात घेतला तर मध्ये गोल खळगा, त्यावर काळी काजळी, आणि खळग्याच्या कडेनं अंगठा फिरवला तर धार नाही, गुळगुळीत. पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या खळग्यात दाबलं जातं, घुसळतं आणि चटकन पेटतं. सपाट हेड मशीनवर करायला सोपं, म्हणून स्वस्त. वर पुढच्या आणि मागच्या सिलिंडरचं हेड एकच, अदलाबदल करता येतं. कमी पैशांत, कमी भागांत, एवढी चपळाई. लहान कारखान्याकडे उधळायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी डोकं वापरलं, आणि ते डोकं पाना हातात घेतला की अजून दिसतं. टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट नेमकी ठेवताना, फट मोजायच्या फीलर गेजचं पातं मध्ये सरकवलं की ते जरासं अडून सरकलं पाहिजे, मोकळं नाही आणि घट्टही नाही. ते ‘जरासं’ बोटांना कळायला वेळ लागतो. एकदा कळलं की त्या संध्याकाळी दुसरं काही करावंसं वाटत नाही.

यावरून लोकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, ‘किती देते?’ पंचवीसच्या आसपास देते. पन्नास वर्षांच्या स्पोर्ट गाडीला हे चांगलं आहे, आणि त्याचं श्रेय त्या पिस्टनमधल्या खळग्याला.

कोकणात ती सांभाळणं मात्र कामाचं आहे. खारं वारं अल्युमिनियमला सोडत नाही, इंजिन थंड ठेवणाऱ्या फिन्सवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. समुद्राकाठून आलं की गोड्या पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, तारांच्या चाकांवरून तेलाचं फडकं फिरवायचं, नि मगच आपण चहा घ्यायचा. क्लच ड्राय आहे, तेलात बुडालेला नाही. दमट हवेत चार दिवस गाडी उभी राहिली की प्लेटा एकमेकींना चिकटतात. म्हणून सुरू करण्याआधी क्लच दाबून धरायचा आणि किक हलकेच दोन-तीनदा खाली न्यायची. ‘टक’ असा बारीक आवाज येतो, प्लेटा सुटल्या. मग चोक, मग खरी किक. किक डाव्या बाजूला आहे, गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या. गिअर-ब्रेक जुनी बुलेट चालवलेल्यांचे पाय लगेच ओळखतात, नव्या पोरांना मात्र मी आधी मैदानात चालवायला लावते.

सध्याचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल हा जुन्या गाड्यांना नवा त्रास. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही. जुने रबरी वॉशर फुगतात, डेलोर्टो कार्बोरेटरच्या वाटीत तळाला पाणी जमतं. मी सगळे रबरी भाग इथेनॉल सोसणारे घातलेत, आणि मृग लागायच्या आत टाकी नि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करते. पावसाळ्यात गाडी चालवत नाही. जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून आलेली असते, शेवाळ धरतं, आणि अरुंद टायरांना तिथं काही करता येत नाही. ते चार महिने मी गाडी उघडते. ब्रेकच्या केबली, बेअरिंगं, वायरिंग, जे चालवायच्या दिवसांत राहून जातं ते सगळं. खरं सांगायचं तर मला हे महिनेही तितकेच आवडतात.

सुटे भाग मिळत नाहीत हे अर्धंच खरं. इंजिनचे भाग इटली-जर्मनीतून आजही येतात, कारण तिकडे या गाड्या जिवापाड जपणारे बरेच आहेत. टायमिंग बेल्ट तर मी नेहमी तिकडूनच मागवते. तो नुसता किलोमीटरवर नाही, वयावरही बदलायचा, तुटला तर इंजिनलाच धोका. बाकी लहानसहान कामांसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा पाहावं. ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग, मीलिंग, एका गल्लीत सगळं. मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश झिजले होते, नमुना घेऊन गेले. लेथवरच्या मिस्त्रींनी झिजलेला बुश हातात फिरवला, न झिजलेल्या टोकाचं माप घेतलं आणि म्हणाले, “ताई, कोणत्या गाडीचा हाय ते सांगू नका. पिन दावा फकस्त.” पिन दाखवली. फॉस्फर ब्राँझचा गज लावला, पिवळ्या धमक साली निघाल्या, आणि दुपारच्या आत दोन बुश तयार. आतून तेलाची खाच त्यांनी मी न सांगता पाडली होती. पिन आत सोडली तर स्वतःच्या वजनानं सावकाश उतरत गेली. बोलोन्यातला माणूस आणि उद्यमनगरातला माणूस, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण त्या बुशात दोघांचं जमलं होतं.

आणि ज्यांना स्वतःला अशी गाडी घ्यायचीय म्हणून जे विचारतात, त्यांच्यासाठी. आधी कागद बघा, मग इंजिन. आरसीवरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि गाडीवर ठोकलेले नंबर स्वतः जुळवा, आणि बाहेरून आलेली असेल तर कस्टमचे कागद मागा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आरटीओत गाडी दाखवावी लागते, ते चुकवू नका. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी विंटेज नोंदणी आलीय, पण त्या नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर काढता येते. मला माझी गावखडीपर्यंत न्यायची असते, म्हणून मी साधीच नोंदणी चालू ठेवलीय.

कागद पटले की बेल्ट कधी बदलला ते विचारा. उत्तर आलं नाही, तर तो बदलल्याशिवाय किक मारू नका. आणि चमक बघून भुलू नका, नवा रंग पंधरा दिवसांत होतो. घ्यायच्या आधी चढावर चालवून बघा, सपाटीवर नको. दसऱ्यानंतर पावसकडे आलात तर माझी बघा. चालवायलाही देईन, फक्त गोळपच्या सड्यावर आधी दोन फेऱ्या मारून दाखवायच्या.