पाण्याला घ्या, हवेला नको

रविवार, रात्री साडेअकरा

नळाच्या सामानाच्या दुकानातल्या काकांनी पीव्हीसीचा पाइप हातातून काढून घेतला नाही, नुसतं बिल करायचं थांबवलं. "कशाला हवाय?" मी खरं ते सांगितलं. कागदी रॉकेटं उडवायला. हवा भरून ठेवायची, व्हॉल्व उघडला की सुटतात. तसं एक यंत्र केलंय, आता मोठं करायचंय, म्हणून दोन इंची. ते म्हणाले, "पाण्याला घ्या, हवेला नको," आणि पाइप परत कोपऱ्यात उभा केला. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

एवढंच झालं. पण तीन दिवस जेवताना तेच, गाडी चालवताना तेच. मी काय पोर आहे? सहा महिने खपतोय यावर. माझ्या पाइपवर ६ किलोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाबाचा, छाप आहे, मी भरतो ४. मोटारीच्या चाकात सव्वादोन असते. हिशेब केल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही. गच्चीवर काय चाललंय हे घरात कुणी विचारत नाही, आणि बाहेर एकानं विचारलं तर त्यानं असं करावं.

हे वेड बस्तरमधल्या जगदलपूरचं. गोंच्याच्या, म्हणजे तिथल्या रथयात्रेच्या, रथापुढे पोरं तुपकी उडवत होती. बांबूच्या नळीत पुढे एक पेंग, म्हणजे मालकांगोणीचं फळ, मागे एक. दांडीनं मागचं रेटलं की मधली हवा दाबली जाते आणि पुढचं फट् करून सुटतं. त्या वर्षी आबा बरोबर होते. असो.

हवेला नको म्हणे. शुक्रवारी झोप येईना तेव्हा उठून वाचत बसलो, काका चुकलेत हे सापडावं म्हणून. सापडलं ते उलटंच. ते ६ किलो पाण्याचे, तेही २७ अंशाला. आमच्या गच्चीवर दुपारी पाइपला हात लाववत नाही, आणि पीव्हीसी तापला की त्याची ताकद उतरते. शिवाय पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही, त्यामुळे पाइप तडकला तर चिळकांडी उडते आणि दाब तिथेच संपतो. हवा मात्र दाबून बसवलेल्या स्प्रिंगसारखी. जरा तडा गेला की सगळी एकदम सुटते, आणि पीव्हीसी पत्र्यासारखा फाटत नाही, काचेसारखा तुकडे होऊन उडतो.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असं लिहायला हात वळत नाही. मागच्या दोन गिऱ्हाइकांसमोर झालं म्हणून लागलं, असं तीन दिवस स्वतःला सांगत होतो.

गेल्या रविवारी, ४ किलो भरलेले असताना, धाकटी त्या पाइपचा घोडा करून बसली होती. मी फोटो काढला.

आज सकाळी हवा सोडून पाइप करवतीनं कापला. टोकाच्या टोपीच्या सांध्यात एका बाजूला अर्धं बोटभर चिकटवायचं सोल्युशन लागलंच नव्हतं. कोरडं, पांढरं. तो तुकडा हातात धरून बराच वेळ पायरीवर बसलो. आणि मग हलकं वाटलं, कसं कोण जाणे. काकांवरचा राग शोधला तर सापडेना.

संध्याकाळी दुसरं केलं. दोन लिटरची सोड्याची बाटली, सायकलची जुनी ट्यूब, अर्धा इंची पाइपचा हातभर तुकडा, तोंड उघडं. यात हवा साठवायचीच नाही. पाइपवर रॉकेट चढवायचं, आणि सगळे बाजूला झाले की बाटलीवर दोन्ही पायांनी उडी. धाकटीनं मारली. रॉकेट टाकीच्या वर गेलं आणि शेजारच्या आंब्यात अडकलं. चेपलेली बाटली नळीतून फुंकून परत फुगवावी लागते. तेही तिलाच करायचं असतं, गाल लाल होईपर्यंत. आठ रॉकेटं गेली. नवव्याला कागद संपला.

उद्या नळाचा वॉशर आणायला त्याच दुकानात जायचंय. काकांना काय म्हणायचं ते सुचत नाही.

तो फोटो फोनमध्ये आहे. पुसवत नाही, आणि बघवतही नाही.