चामड्यासाठी टिचबटण: निवड आणि बसवणी

चामड्याच्या कामात शिलाई उसवली तर पुन्हा घालता येते, कडा खडबडीत राहिली तर पुन्हा घासता येते, रंग फिका वाटला तर आणखी एक हात देता येतो. टिचबटणाची नळी मात्र एकदा फाकली की परत सरळ होत नाही. त्यामुळे वस्तू तयार झाल्यावर शेवटी उरकायचे काम म्हणून बटणाकडे पाहण्याची पद्धत मला मान्य नाही. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या पाकिटांत आणि पिशव्यांत बटण उपटून आल्याची तक्रार सर्वांत अधिक असते, आणि उपटलेला भाग भिंगाखाली धरला की बहुतेक वेळा एकच कारण दिसते: नळीची लांबी चामड्याच्या जाडीशी जुळलेली नसते.

चामड्यावर लागणाऱ्या टिचबटणाचे चार भाग असतात. वरून दिसते ती टोपी, जिच्या पोटाला पोकळ नळी जोडलेली असते. झाकणाच्या आतल्या बाजूने त्या नळीवर बसते ती वाटी, जिला कारागीर मादी म्हणतात. समोरच्या थरावर बसते ती घुंडी, म्हणजे नर. आणि त्या घुंडीला मागून धरून ठेवते ती दुसरी, सपाट बुडाची नळी. जर्मनीतील फोर्ट्सहाइम येथील हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ मध्ये पुरुषांच्या विजारींसाठी अशा बटणाचे पेटंट घेतले, त्यानंतर वाटीतील स्प्रिंगमध्ये सुधारणा होत गेल्या, पण तत्त्व तेच राहिले: घुंडीचे डोके तिच्या मानेपेक्षा किंचित रुंद असते, वाटीतील स्प्रिंग ते डोके आत जाईपर्यंत फाकते आणि मग मानेभोवती मिटते. काही वाट्यांमध्ये ही स्प्रिंग दोन समांतर तारांची असते, तर काहींमध्ये गोल कड्याची. जड पिशवीसाठी मी कड्याची स्प्रिंग घेतो, कारण ती सर्व बाजूंनी सारखी धरते आणि झाकण कोणत्याही दिशेने ओढले गेले तरी तिची पकड बदलत नाही.

सोलापुरात शालेय गणवेशाचा व्यवसाय मोठा असल्यामुळे बटणे, आयलेट आणि हाताने दाबायच्या मशीन येथे विनासायास मिळतात. ही मोठी सोय असली तरी नवख्या माणसाची पहिली गफलतही इथेच होते, कारण त्या दुकानांतील बराच माल कापडासाठी असतो. कापडाच्या टिचबटणांपैकी अनेकांना नळीऐवजी दातेरी कडे असते. ते दाते पातळ कापड भेदून पलीकडच्या भागात वळतात आणि तिथे उत्तम धरतात, परंतु दीड-दोन मिलिमीटर चामड्यात ते आरपार जाण्याआधीच वाकतात आणि वरून बटण बसल्यासारखे दिसते. म्हणून दुकानात आधी बटण उलटे करून पाहावे आणि नळी असलेलाच प्रकार मागावा. शक्य असल्यास ज्या चामड्यावर काम करायचे आहे त्याचा एक तुकडा खिशात असावा, कारण जाडी सांगून माल निवडण्यापेक्षा तुकड्यातून नळी घालून पाहणे कितीतरी खात्रीचे आहे.

बटणाचा आकार बाजारात ‘लाइन’ या मापाने सांगितला जातो. ४० लाइन म्हणजे एक इंच, या हिशेबाने २० लाइनच्या बटणाची टोपी साधारण १२.५ मिलिमीटरची आणि २४ लाइनची साधारण १५ मिलिमीटरची भरते. किल्ल्यांचे पाकीट, चष्म्याचे कव्हर, नाण्यांची छोटी पिशवी यांना २० लाइन शोभते आणि पुरते; कमरेच्या पट्ट्यावरची पिशवी किंवा खांद्यावरची बॅग असेल तर २४ लाइनच घ्यावे. परंतु हे माप फक्त टोपीच्या रुंदीचे आहे. नळीची लांबी त्यातून कळत नाही, आणि एकाच लाइनची बटणे वेगवेगळ्या लांबीच्या नळ्यांमध्ये मिळतात, ही गोष्ट विक्रेताही पुष्कळदा आपणहून सांगत नाही.

लांबी कशी जुळवावी, हे एका उदाहरणाने सांगतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे भजनी मंडळींसाठी टाळांच्या पिशव्या करण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते. टाळ पितळेचे, वजनदार, आणि चालताना सतत आतून झाकणाला धक्के देणारे. त्यामुळे ही पिशवी बटणाची खरी परीक्षा घेते. झाकण दोन मिलिमीटर जाडीच्या म्हशीच्या चामड्याचे आणि त्याला आतून ०.८ मिलिमीटरचे बकरीचे अस्तर, म्हणजे टोपीच्या नळीला एकूण २.८ मिलिमीटर पार करायचे असतात. ही जाडी मी बटणाच्या जागेवरच व्हर्नियर कॅलिपरने मोजतो, कारण एकाच चामड्यात पाठीकडचा आणि पोटाकडचा भाग सारख्या जाडीचा नसतो. मग भोकातून नळी घालून तिच्यावर वाटी ठेवतो आणि बोटाने घट्ट दाबून आडवे धरून पाहतो. वाटीच्या तळावर नळीची दीड ते दोन मिलिमीटर कड दिसली तर बटण योग्य आहे. कड त्याहून कमी असेल तर ती वळण्याइतकी उरत नाही आणि वाटी नुसती टेकलेली राहते. अधिक असेल तर ठोका बसताच नळी स्वतःच्या जागी फाकण्याऐवजी एका बाजूला झुकते, आणि झुकलेली नळी स्प्रिंगच्या मार्गात येते.

नळी आखूड पडत असेल तर वाटीपेक्षा किंचित मोठ्या वर्तुळात चामडे मागून रापीने, म्हणजे चामडे तासायच्या रुंद पात्याच्या सुरीने, छिलावे, पण बाहेरच्या चामड्याची जाडी १.२ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, नाहीतर बटण टिकेल आणि त्याच्या भोवतीचे चामडे फाटेल. नळी लांब पडत असेल तर वाटीखाली चामड्याची पातळ चकती घालावी. कानशीने नळी कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही, कारण कापलेल्या कडेला बारीक दाते राहतात आणि फाकताना नळी नेमकी तिथेच चिरते. बकरीचे किंवा मेंढीचे चामडे एकट्यानेच वापरायचे असेल तर अशी चकती ताकदीसाठीही घालावी लागते. पोटाकडच्या ताणल्या जाणाऱ्या चामड्यावर तर मी बटण लावतच नाही.

धातूचा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये सोलापूरचाही समावेश आहे, आणि त्या चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले असते. असे चामडे मिळवून त्याच्या पिशव्या करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: या द्रव्यांतील टॅनिन लोखंडाच्या संपर्कात आले की काळे पडते. स्वस्त बटणे पोलादाची असून त्यांवर निकेलचा किंवा पितळी रंगाचा मुलामा असतो. ठोकताना नळीवरचा मुलामा तडकतो, पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि बटणाभोवती निळसर काळे वलय उमटते, जे सहजासहजी जात नाही. लोहचुंबक जवळ नेला की पोलाद लगेच उघडे पडते, म्हणून खरेदीला जाताना तो सोबत ठेवणे चांगले. भरीव पितळेचे बटण महाग पडते, आणि तेलकट चामड्यावर त्याच्याभोवती कालांतराने हिरवट मेण साचते, हेही खरे. पण ते मेण सुक्या कापडाने पुसता येते. वनस्पतिज चामड्यावर पितळ आणि क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्यावर चांगला मुलामा दिलेले पोलाद, असा माझा नियम आहे.

बसवण्याआधी जागा ठरवण्याचे काम घाईने करू नये. रिकामी पिशवी टेबलावर सपाट ठेवून दोन्ही बाजूंना मोजपट्टीने खुणा केल्या तर भरलेल्या पिशवीचे झाकण घुंडीपर्यंत पोहोचत नाही, कारण आतील वस्तूच्या फुगवट्यावरून वळताना झाकणाची लांबी खर्च होते. आधी झाकणावर टोपी आणि वाटी बसवावी, पिशवीत जे राहणार आहे ते सर्व भरावे, झाकण रोजच्या हाताने बंद करावे आणि वाटी खालच्या चामड्यावर दाबावी. तिचा गोल ठसा उमटतो, त्याच्या मध्यावर घुंडीचे भोक पाडावे. टोपीची कड आणि झाकणाची कड यांत सात-आठ मिलिमीटर चामडे राहू द्यावे, म्हणजे उघडताना अंगठ्याला धरायला जागा मिळते. भोक नळीच्या बाहेरच्या व्यासाइतकेच असावे आणि नळी किंचित जोर लावून आत जावी. घुंडीच्या मागचे धातूचे बूड आतल्या वस्तूवर घासू नये म्हणून समोरच्या भागावरचे अस्तर घुंडी बसवल्यानंतरच शिवावे; टाळांच्या पिशवीत हे न केल्यास टाळांवर ओरखडे पडतात.

ओल्या चामड्यावर बटण कधीही ठोकू नये. चामडे पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आक्रसते, त्यामुळे साच्यावर ओले बसवलेले चामडे पूर्ण वाळण्याआधी बटण लावले तर जी पकड घट्ट वाटली होती ती पुढे सैल होते. सोलापूरचा मे महिना ४० अंशांच्या वर गेला की चामड्यातील ओलावा झपाट्याने उडतो, आणि पावसाळ्यात दमट खोलीत केलेल्या वस्तूंची बटणे त्या दिवसांत फिरू लागतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये काम करताना कापलेले तुकडे मी पंख्याखाली रात्रभर ठेवून मगच नळीची लांबी जुळवतो.

ठोकण्यासाठी टोपीच्या गोलाईला जुळणारी खोलगट ऐरण, नळी फाकवणारा ठसा आणि साधारण अर्धा किलोची हातोडी पुरेशी असते. सपाट ऐरणीवर टोपी चेपते. ऐरण टेबलाच्या मधोमध ठेवली तर प्रत्येक ठोक्याला फळी उसळते आणि जोर वाया जातो. मी ती जाड रबराच्या तुकड्यावर न ठेवता थेट टेबलाच्या पायावरच्या कोपऱ्यात ठेवतो, किंवा खाली जमिनीवर बसून, शहाबादी फरशी तडकू नये म्हणून जाड लाकडी ठोकळ्यावर. ठसा अगदी उभा धरावा. पहिला ठोका हलका, फक्त नळीचे तोंड उघडण्यापुरता असावा. मग ठसा पाव फेरा वळवून मध्यम जोराचे दोन-तीन ठोके द्यावेत. नीट बसलेल्या नळीची कड धोतऱ्याच्या फुलासारखी सर्व बाजूंनी सारखी बाहेर वळलेली दिसते. ती एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर ठसा कललेला होता. तिच्यात खोल चिरा पडल्या असतील तर जोर अधिक झाला किंवा धातू ठिसूळ आहे. त्यानंतर टोपी चिमटीत धरून फिरवून पाहावी. ती फिरता कामा नये, पण तिच्याभोवती चामडे खड्डा पडल्याइतके दबलेलेही नसावे.

एकसारख्या अनेक वस्तू करायच्या असतील तर हाताने दाबायची मशीन घेणे योग्य, कारण तिचा दाब नेहमी सरळ रेषेत येतो. मात्र मशीनचे डाय, म्हणजे बटण दाबणारे वरचे-खालचे साचे, ज्या बनावटीच्या बटणासाठी असतील तीच बटणे वापरावीत. लाइन सारखी असली तरी टोपीची गोलाई आणि वाटीचा तळ कंपनीगणिक बदलतो, आणि एका कंपनीची घुंडी दुसऱ्या कंपनीच्या वाटीत एकतर अडकते किंवा नुसती सरकते.

चुकीचे बसलेले बटण ओढून काढू नये, भोक फाटते. वाटीच्या आतून दिसणारी नळीची वळलेली कड निपरने, म्हणजे तार तोडायच्या पकडीने, थोडी थोडी तोडावी किंवा नळीच्या व्यासाचे ड्रिल हाताने फिरवून ती कड झिजवावी. मग टोपी आपोआप सुटते. भोक मोठे झाले असल्यास मागून चामड्याची चकती चिकटवून तिच्यात नव्या मापाचे भोक पाडावे. नवे बटण फारच कडक उघडत असेल तर घुंडीच्या मानेवर मेणबत्ती घासावी आणि ते काही वेळा उघडझाप करावे. तेल लावू नये, ते चामड्यात उतरून डाग पाडते.