वकील आला का?

'ज्युरासिक पार्क' मी १९९४ साली पाहिला, हिंदीतून. बाबांना 'पालींचा सिनेमा' बघायचा नव्हता, म्हणून आई घेऊन गेली. त्यात मोठा डायनोसॉर यायच्या आधी गाडीच्या डॅशबोर्डवरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. बाकी काही नाही, नुसती वर्तुळं. शेंगदाण्याची पुडी हातात तशीच धरून सगळं थिएटर त्या पाण्याकडे बघत होतं. मग दोन पोरांना गाडीत सोडून पळालेला वकील संडासात जाऊन लपतो, आणि टी-रेक्स संडासाचा आडोसाच उडवून देऊन त्याला बसल्या जागेवरून उचलतो. आई इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

२०२५ च्या जुलैत याच मालिकेतला सातवा चित्रपट आला. अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो. माणसं पुन्हा एका बेटावर जातात. का जातात, याला दरवेळी नवं कारण असतं. मागच्या खेपेला गेलेल्यांचं काय झालं, हे मात्र कुणाला आठवत नाही. माहेरच्या लग्नातलं जेवण तीस वर्षं विसरत नाहीत अशी माणसं आमच्या घरात आहेत. त्यातलं एक बरोबर न्यायला हवं होतं.

हॉलिवूडला नवं काही सुचत नाही, असं म्हणायची आता पद्धतच पडली आहे. २०२४ मध्ये जगभर सर्वांत जास्त कमावणारे पहिले तिन्ही चित्रपट कुठल्या ना कुठल्या चित्रपटाचे पुढचे भाग होते. स्पायडरमॅनची तर २००२, २०१२ आणि २०१७ अशी पंधरा वर्षांत तीनदा नव्याने मांडामांड झाली. त्याचे बेनकाका पहिल्यांदा मेले तेव्हा मी रडलो. दुसऱ्यांदा मेले तेव्हा घड्याळात पाहिलं. तिसऱ्या वेळी बनवणाऱ्यांनाच दया आली असावी, त्यांनी काकांचा मृत्यू दाखवलाच नाही. यामागे करारही आहे. सोनीने ठरावीक काळात चित्रपट काढला नाही, तर स्पायडरमॅनचे हक्क मूळ मालक मार्व्हलकडे परत जातात. पडीक ठेवली तर कूळ लागेल म्हणून माणूस बांधावर तूर तरी टाकतो, तशातलाच प्रकार.

पण ही खोड आजची नाही. 'द माल्टीज फाल्कन' या कादंबरीवर वॉर्नर ब्रदर्सने दहा वर्षांत तीन चित्रपट काढले. १९३१ चा, १९३६ चा आणि १९४१ चा. जगाच्या लक्षात राहिला तो तिसरा, हम्फ्री बोगार्टचा. तेव्हा एकदा थिएटरातून उतरलेला चित्रपट पुन्हा दिसायची फारशी सोय नव्हती. टीव्ही घरोघरी नव्हता, कॅसेट नव्हती. चित्रपट गेला की बहुतेक गेलाच. तेव्हा पुन्हा करण्यात अर्थ होता. आता मूळ चित्रपट खिशातल्या फोनवर आहे, आणि तरी नवा काढतात. खरं तर म्हणूनच काढतात. १९९४ साली दहा वर्षांची असलेली पोरं आज कमावती झाली आहेत, त्यांना पोरं आहेत, आणि तिकिटं एक सोडून चार काढावी लागतात.

हिशेबही सरळ आहे. मोठ्या चित्रपटाला वीस कोटी डॉलर लागतात, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. पडलेला चित्रपट डीव्हीडीच्या विक्रीतून थोडाफार सावरायचा, ते उत्पन्न आटलं. अशा वेळी अनोळखी गोष्टीवर पैसे लावून आपटलं, तर 'हे कुणी मंजूर केलं?' असा प्रश्न येतो. सातवा भाग आपटला तर 'प्रेक्षकच बदललाय' म्हणता येतं. नोकरी कुणाला नको असते?

आपल्याकडे याला शिळ्या कढीला ऊत म्हणतात. पण शिळ्याचे प्रकार असतात. फोडणीच्या पोळीसाठी आमच्याकडे रात्री मुद्दाम चार पोळ्या जास्त लाटतात. मार्टिन स्कोर्सेसीने हाँगकाँगच्या एका पोलिसी चित्रपटाची गोष्ट उचलून तिला बॉस्टनची फोडणी दिली, आणि त्या 'द डिपार्टेड'वर २००७ मध्ये त्याला दिग्दर्शनाचं पहिलं ऑस्कर मिळालं. ही फोडणीची पोळी. जुन्या कार्टूनपटावरून नव्याने काढलेला २०१९ चा 'लायन किंग' मात्र कढी. सिंह इतके खरे केले की त्यांना रडताही येईना आणि हसताही येईना. त्याने दीड अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली, ही गोष्ट वेगळी. फाटलेली कढीसुद्धा भूक लागली की खपते.

मला पुनरावृत्तीचा राग येत नाही. मराठी माणसाला तो येऊच नये. 'जुनं नाटक, नव्या संचात' ही जाहिरात वाचून आपण तिकिटं काढतो ती शेवट माहीत असूनच. अमक्याची भूमिका या वेळी कोण करतंय आणि जुन्याची सर येते का, एवढंच बघायला. कीर्तनात सीतास्वयंवर लागलं की धनुष्य मोडणार, हे शेवटच्या ओळीत पेंगणाऱ्या आजोबांनाही ठाऊक असतं. पण बुवा दरवर्षी धनुष्य दहा फुटांनी वाढवत नाहीत. रामाला दोन धनुष्यं एकदम मोडायला लावत नाहीत.

इथे नेमकं तेच होतं. 'ज्युरासिक'च्या २०१५ मधल्या चौथ्या भागात पार्कची व्यवस्थापक बाईच सांगते की, डायनोसॉर पाहून आता कुणाला नवल वाटत नाही, लोकांना आणखी मोठा आणि जास्त दातांचा हवा. म्हणून प्रयोगशाळेत नवा जनावर-संकर तयार होतो. स्टुडिओने पडद्यावरून दिलेला इतका प्रामाणिक कबुलीजबाब मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या चित्रपटात डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. बाकीचा वेळ पाणी, पावसाचा आवाज आणि माणसांचे चेहरे. त्या पंधरा मिनिटांवर एकतीस वर्षं मी जगलो आहे.

घरी आल्यावर लेकीला तो पहिला दाखवायला बसलो. थोडा वेळ ती फोनशी खेळत होती. ग्लास आला तशी म्हणाली, "बाबा, आवाज कमी करू नका." फोन उलटा पडला होता.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. खुर्चीवर टेकली, पण पुरती नाही, निम्मीच.

"वकील आला का रे?"

"अजून नाही."

"मग तेवढं बघून उठते. कुकर लावलाय."

शिट्ट्या पाच झाल्या.